कोलाडचं पाणी

४ डिसें., कर्जत
कशेळ्याला आजोळी पेज नदीत ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसायचो. ताई पुढे, कपडे धुवायचं धोपाटणं वल्ह्यासारखं मारत. मी मागे, तिची वेणी घट्ट धरून. "सोड गं, डोकं उपटशील!" मी सोडायची नाही.
आता ताईला कंपवात. हात पुरते जायच्या आत एकदा खऱ्या खळाळत्या पाण्यात वल्हं मारायचंय तिला. उद्या कोलाडला राफ्टिंग, मग समुद्र धरून गुहागरपर्यंत. गाडी तिची, चालवणार कशेळ्याचा दत्तू.

५ डिसें., कोलाड
नदीत नुसते गोटे. वीजघराची दुरुस्ती, पाच दिवस पाणी सोडणार नाहीत. फोन केलाच नव्हता. पेजेला वीजघराचं पाणी रोज येतं, म्हणून इथेही येणारच, असं दोघींनी धरलेलं.
दत्तू काठावरून ओरडला, "आक्का, नदी बंद हाय!"
"दुकान आहे का रे?" ताईने विचारलं.
"दुकानवाला अर्धं शटर तरी उघडं ठेवतो," दत्तू.
ताई माझ्याकडे वळून, "एक फोन नाही झाला तुझ्याने. नन्सनी काय शिकवलं, काटा-चमचा धरायला?"
त्याच कॉन्व्हेंट शाळेत तीही होती.

७ डिसें., दिवेआगर
सोलकढी भरवायला गेले. सांडली.
"आई होऊ नकोस माझी. आई दिसायला तरी बरी होती."
समुद्राकडे तोंड करून रडले. "रडतेस तेही वर्गातल्यासारखं. आवाज न करता."

९ डिसें., गुहागर
ताईचे हात जास्तच कापतायत. चहा निम्मा बशीत, निम्मा मांडीवर. किनाऱ्यावर उतरलीच नाही. "परत कोलाडला चल" एवढंच.

११ डिसें., कोलाड
पाणी आलं. पांढरं, धडाडत.
बोटीवरच्या माणसाने तिच्या हातात वल्हं दिलं, "धरून दाखवा." ते तिच्याच हेल्मेटवर टकटक वाजत राहिलं.
"मावशी, नाय जमायचं. सुटलं तर दुसऱ्याचे दात जातील."
मला वाटलं, आता भांडेल. नाही भांडली. मला म्हणाली, "तू जा."
"तुझ्याशिवाय नाही."
"जा म्हणते ना. एवढ्या लांब काय गोटे बघायला आलो?"
गेले. पहिल्या लाटेला किंचाळले, दुसरीला हसले. मग ताईला विसरले. खरंच विसरले, पार शेवटपर्यंत. दत्तू तिला गाडीने खाली, बोट लागते तिथे, घेऊन आला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. मी हसतच उतरले.
"मजा आली?"
"हो गं!" तोंडातून निघून गेलं.
तिने माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. टॉवेल तिच्या मांडीवर होता. दिला नाही.

१२ डिसें., कर्जत
येताना खालापूरच्या हॉटेलात मिसळ. ताईने नाही खाल्ली. म्हणाली, "लिहून घे. शेलू गावातला फ्लॅट वर्षाला." वर्षा तिच्याकडे राहून तिचं सगळं करते. "पुस्तकं शाळेला. आईच्या पाटल्या तुझ्या सुनेला."
"आणि मला?" पाटल्यांसाठी नाही विचारलं. काहीतरी तिचं हवं होतं. विचारायला नको होतं.
"तुला कशाला? माझ्या वाटचं पाणी तू पिऊन आलीस."
पळसदरीला दत्तू चहाला उतरला, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गाडी दत्तूला. त्याला सांगू नकोस. उद्यापासून पुसतच बसेल."