उसना आवाज

उस्ताद,

तो पिक्चर तुम्हाला आठवत असेल. रविवार होता, परेड नव्हती, आणि आम्ही सगळे रिक्रूट हॉलमधल्या टीव्हीपुढे मांडी ठोकून बसलो होतो. कुठल्यातरी परदेशातला विनोदी पिक्चर, हिंदीत डब केलेला. कुठंच न खपणारी माणसं पोलिसात भरती होतात आणि ट्रेनिंगमध्ये गोंधळ घालतात, एवढीच गोष्ट. एकाला धड दिसत नाही, तो विजेच्या खांबाला सलाम ठोकतो. एकजण स्वतःच्याच बंदुकीच्या आवाजानं आडवा होतो. एक बाई घोड्याशी गप्पा मारते, पण माणूस समोर आला की तिची दातखीळ बसते. आणि त्यांना कवायत शिकवणारा तो मिशाळ उस्ताद, कडक इस्त्रीतला, थोड्या थोड्या वेळानं चिखलात पडतो. पोरं एकमेकांच्या अंगावर लोळून हसत होती. वाकल्यावर त्या उस्तादाची पँट मागून फाटली, तेव्हा कुणाचं तरी लक्ष दाराकडे गेलं आणि हसू विरत विरत मागून पुढे शांत होत आलं. तुम्ही दारात उभे होतात. गालात नेहमीची ज्येष्ठमधाची काडी. तुम्ही शेवटपर्यंत पाहिलात आणि जाताना एवढंच म्हणालात, "बरा हाय पिच्चर. पन त्याईचा उस्ताद लय लवकर चिडते."

मी मात्र त्या दिवशी हसलो नव्हतो. त्या पिक्चरमध्ये तोतरा कुणी नव्हता, तरी सगळा वेळ मला वाटत होतं की पुढच्या दृश्यात मीच येणार. आमचं वर्ध्यात कापडाचं दुकान. बाबा वाईट नव्हते, पण गिऱ्हाईक समोर असलं की मला मागच्या खोलीत ठाणांच्या घड्या घालायला बसवायचे. "गिऱ्हाईक ताटकळते बेटा," म्हणायचे. लहानपणापासून मी त्या खोलीत कापडाच्या वासात वाढलो. भरतीचं मैदान मी मारलं ते पायांच्या जोरावर, आणि लेखी परीक्षेत जीभ लागत नाही. पोलिसात जाऊन बोलावं लागेल हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या मागच्या खोलीतून बाहेर पडायला मला दुसरं दार दिसलं नव्हतं.

मग एक सकाळ आली. प्रत्येकानं आळीपाळीनं तुकडीला हुकूम द्यायचे होते. माझी पाळी आली. "तेज चल" कसंबसं निघालं, निघालं म्हणजे तोंडातून सांडलं, आणि तुकडी चालू लागली. मैदानाची कड जवळ येते आहे. मला "थम" म्हणायचं आहे. जीभ दातांमागे चिकटली आहे, मान ताणली गेली आहे, आणि नुसतं "थ, थ, थ" येतं आहे. तुकडी थांबत नाही. पोरं बेरकी, त्यांना मजा वाटते आहे. ती चुन्याची पट्टी ओलांडून पुढे जातात, मेसच्या मागच्या मेथीच्या वाफ्यात शिरतात, आणि भिंतीपाशी पोचल्यावर भिंतीला नाक लावून जागच्या जागी पाय आपटत राहतात. मेसचा आचारी पळी घेऊन बाहेर धावत आला. शेवटी तुम्ही ओरडलात. आधी पोरांवर, मेथी तुडवली म्हणून. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "काऊन बे? तू थांब म्हनशील नाई, तवर हे थांबनार नाई. उद्या चौकातले लोकं बी थांबनार नाई. मंग काय करशील?" उत्तर असतं तरी मला देता आलं नसतं.

हुकूम देण्याची परीक्षा जवळ येत होती. आमच्या वरच्या साहेबांनी तुम्हाला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की या पोराला जमणार नसेल तर त्याच्या घरी कळवा, उगाच आशेवर ठेवू नका. त्या रात्री माझ्या शेजारच्या खाटेवरचा हिंगणघाटकडचा जाडा गडी म्हणाला, "जाऊन राह्यलाच, तर हसवून तरी जा." हा गडी कास्तकाराचा पोरगा, शेतात वाढलेला, धावताना सगळ्यात शेवटी, पण डोकं भन्नाट. तो पिक्चर पाहिल्यापासून त्याच्या मनात नाटुकलं करायचं घोळत होतं, आपल्याच ट्रेनिंगचं. मेथीच्या वाफ्यासकट. आणि त्यात उस्तादाचं काम त्यानं मला दिलं. त्याला ठाऊक होतं की खाटेवर पडल्या पडल्या मी तुमची नक्कल करतो. मी हळू आवाजात करायचो, फक्त त्याच्यापुरती. त्या नकलेत मी अडखळत नाही, हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही.

नाटुकलं त्याच हॉलमध्ये झालं. मी ओठांवर काजळाच्या मिशा काढल्या, काखेत छडी धरली, गालात दातकोरणी ठेवली आणि तुमच्यासारखा एक खांदा किंचित खाली सोडून आत आलो. "जमिनीले घाबरून राह्यला का बे? पाय उचल!" हॉल कोसळला. मग मी तुमचा "थम" दिला. सुरुवातीला लांबवलेला, शेवटी दातांनी कचकन तोडलेला. आणि कशात काही नसताना, खाली बसलेल्यांपैकी दोघा-तिघांचे पाय आपोआप जुळले. मी बोलतच सुटलो. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नव्हतो. मागच्या रांगेत तुम्ही आहात हे मला कळलं तेव्हा जीभ पुन्हा दातांमागे चिकटली. तुम्ही म्हणालात, "थांबला काऊन? पुरं कर ना." पण मला ते पुरं करता आलं नाही. मी पुन्हा मीच झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेडनंतर तुम्ही मला थांबवून घेतलंत. मला वाटलं, आता मैदानाला फेऱ्या.

"काल किती खेपा अडखळला?" तुम्ही विचारलंत.

"तु... तु... तुम्ही दिसेपर्यंत एकदाही नाही, उस्ताद."

"मंग?"

मी खाली पाहिलं. तुम्ही काडी या गालातून त्या गालात नेलीत. "तुह्या आवाज येईल तवा येईल. तवर माह्या वापर. नेजो, आनून देजो. मी काई उपाशी मरत नाई." मग वीस पावलं लांब जाऊन माझ्यापुढे एकटेच उभे राहिलात, तुकडी असल्यासारखे. "दे हुकूम. आनि खांदा खाली घे, काल घेतलता तसा." मी खांदा खाली घेतला. तुमच्या आवाजात म्हणालो, "सावधान!" आणि तुम्ही, माझे उस्ताद, टाच आपटून सावधान झालात. असं माझ्यासाठी आधी कुणी केलं नव्हतं. माझ्या एका शब्दावर असं ताठ कुणी उभं राहिलं नव्हतं कधी.

त्याच आठवड्यात तुम्ही मला जेवायला घरी बोलावलंत. सिंदी मेघेतलं तुमचं ते दोन खोल्यांचं घर, आणि स्वयंपाकघरात खाली बसून तुम्ही कोथिंबीर निवडत होतात. मैदानावरचा माणूस मला तिथं सापडेना. काकू गोळाभातावर ओतायला लसणाचं तेल कडकडवत होत्या. तुम्ही काहीतरी म्हणालात आणि काकू वैतागल्या, "अवो, जरा जोरानं बोला ना. काई ऐकू नाई येऊन राह्यलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरात हे असेच बोलते. लग्न झालं तवा मले वाटलं, मानूस मुका हाय का काय." तुम्ही लाजल्यासारखे हसलात. मी गोळाभात खात होतो आणि एक गोष्ट हळूहळू माझ्या डोक्यात शिरत होती. तो मैदान हलवणारा आवाज तुमचाही नव्हता. तुम्हीही तो सकाळी वर्दीबरोबर अंगावर चढवत होतात आणि संध्याकाळी खुंटीला टांगत होतात. निघताना तुम्ही ज्येष्ठमधाच्या काड्या कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातल्यात. म्हणालात, "घसा सांभाळजो. दोघाचा हाय."

परीक्षेच्या दिवशी साहेब खुर्ची टाकून बसले होते. मी खांदा खाली घेतला आणि तुकडी चालवली, वळवली, थांबवली. चुन्याच्या पट्टीच्या आत थांबवली. पोरांनीही त्या दिवशी चावटपणा केला नाही. तो जाडा गडी तर असा ताठ चालत होता की ओळखू येईना. साहेबांच्या कपाळावर मात्र आठी. "हा तर तुमची नक्कल करतोय," ते तुम्हाला म्हणाले. तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे होतात. "हो साहेब," तुम्ही म्हणालात. "मी बी माह्या उस्तादाचीच करतो. त्याईले जाऊन लय वर्सं झाले." साहेबांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मग त्यांनी मला जा म्हणून हात केला, आणि मी पास झालो.

पुढे मला तो आवाज पुष्कळदा लागला. एका जत्रेच्या बंदोबस्तात पायऱ्यांवर वरून उतरणारे आणि खालून चढणारे लोक एकमेकांत अडकले होते. मधल्या बायांना श्वास घेता येत नव्हता, एका बाईनं तिचं लेकरू डोक्यावर धरलं होतं. माझी शिट्टी कुणाला ऐकू जाईना. मी कठड्यावर चढलो. जीभ नेहमीसारखी दातांमागे गेली, आणि मग मी खांदा खाली घेतला. "थम!" वरची माणसं थांबली. का थांबली त्यांनाही कळलं नसेल. तेवढ्या फटीतून आम्ही खालच्यांना बाजूला काढलं. संध्याकाळी तुम्हाला फोन केला तर मला काही सांगताच येईना, आणि तुम्ही पलीकडून इतकंच म्हणालात, "सावकाश. मी हाय इथंच."

रिटायर झाल्यावर तुम्ही केळझरला शेतीवर राहायला गेलात आणि काही वर्षांनी तुम्हाला लकवा झाला. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर होतात. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं आणि शब्द येत नव्हता. काकू प्रेमानं एकेक शब्द पुढे करत होत्या. पानी? दवाई? आत जाता का? तुमचा चेहरा लाल होत होता. त्या अंगणात तेवढं मला एकट्यालाच कळत होतं, उस्ताद. शब्द अडला असताना दुसऱ्यानं तो पुरा केला की काय वाटतं, ते. मी काकूंना हातानं थांबवलं आणि तुमच्या बाजेजवळ खाली बसलो. मी तुमच्या तोंडाकडे पाहत नव्हतो, समोरच्या तुरीकडे पाहत होतो. मला कसलीही घाई नव्हती. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "चा... चहा... पे." मी म्हणालो, "पे... पेतो." आणि मग तुमच्या तोंडाचा जो अर्धा भाग हसू शकत होता, तो हसला. तुमच्याशी झालेलं माझं ते शेवटचं बोलणं. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा आपण दोघंही तुरीकडे पाहत होतो.

तुम्ही गेलात, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी आता तुमच्याच जागेवर आहे. मुलीही असतात आता तुकडीत. घरी मी अजून अडखळतो, बायकोला त्याची सवय आहे. हे पत्र काकूंना नेऊन द्यावं असं मनात आलं होतं. पण त्यांची नजर गेली आहे, वाचून मलाच दाखवावं लागेल, आणि मध्येच मला थांबावं लागेल. ते जिभेमुळे नसेल. म्हणून राहू देतो.

एक सांगायचं आहे, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. परवा बराकीमागून जात होतो. तिथं देवळीकडची एक मुलगी चार-पाच जणींना नक्कल करून दाखवत होती. माझी. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात असेल नसेल. तिचा एक खांदा खाली होता. "जमिनीले घाबरून राह्यली का बे?" मग तो "थम", लांबवलेला, आणि शेवटी कचकन तोडलेला. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. त्या मुलींनी मला पाहिलं आणि सगळ्या गारठल्या. मी तिला म्हणालो, "पुन्हा म्हण." ती घाबरत घाबरत म्हणाली. "अजून एकदा. मोठ्यानं." ती म्हणत राहिली, तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मी शिक्षा करतो आहे. मी तिला तसंच वाटू दिलं. तिला तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जमत होतात, उस्ताद, आणि मला तुम्हाला आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं.