भाचीच्या कॉम्प्युटरची बिनफटीची पेटी

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या (आणि आता बऱ्यापैकी टकल्या) भावाचा नमस्कार. गुडघा काय म्हणतो? दाजींचा राग पित्तामुळे आहे की पित्त रागामुळे, याचा काही उलगडा झाला का? इकडे आम्ही मामा-भाची खुशाल आहोत.

दाजींचा हुकूम तुझ्या लेकीला तोंडपाठ आहे: प्रोजेक्ट वेळेत झालं नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून घरी, आणि झालं तर पुढच्या वर्षी होस्टेल, मामाला त्रास नको. डिझाइनच्या कामाला कॉम्प्युटर दांडगा लागतो, आणि तयार घ्यायचा तर परवडत नाही. म्हणून तिनं सुटे भाग जमवून घरीच जोडायचं ठरवलं. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं पण चांगलं, रॅम नवी, मॉनिटर मैत्रिणीच्या भावाचा. मग म्हणाली, "मामा, आता कॅबिनेटच राहिलं. पत्र्याचं साधं घेते." ताई, सुताराच्या घरात पत्र्याचा डबा! आणि तोही माझ्या जिवंतपणी! मी म्हटलं, पेटी मी करणार.

केली. त्यापायी गिऱ्हाइकांना टांगून ठेवलं. झाकण असं बसलं की मुंगीनंसुद्धा आत शिरायचा विचार सोडून द्यावा. (माझ्या कामात फट दाखवणारा अजून जन्माला यायचाय, हे तुला ठाऊक आहेच.) पंखे बसवताना ती "मामा, हवेला..." असं काहीतरी म्हणत होती, पण मी तेव्हा पॉलिशबद्दल बोलत होतो.

कॉम्प्युटर सुरू झाला, पडद्यावर तिनं काढलेली खुर्ची गोल फिरायला लागली, आणि फटकन सगळं बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी वायरमनला बोलावलं, दुकानदाराशी भांडलो, शेजारणीच्या मिक्सरवरही संशय घेतला. तुझी लेक मला चहा करून देत राहिली. मी कामावर असलो की मशीन म्हणे गुणी बाळासारखं चालायचं, आणि मी घरात आलो की मान टाकायचं. मला वाटलं, माझाच पायगुण.

परवा चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. बघतो तर पेटीची मागची फळी काढून भिंतीला टेकवलेली आणि मशीन मजेत घुमतंय. आत हवाच जात नव्हती, म्हणून ते तापून बंद पडत होतं! पोरीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी यायच्या सुमाराला ती फळी गुपचूप परत लावायची. म्हणाली, "मामा, तू इतकं मन लावून केलंस. भोकं पाड असं कुठल्या तोंडानं सांगू?" प्रोजेक्ट डोक्यावर, आणि हिला काळजी माझ्या मनाची! मी रागावणार होतो, पण डोळेच भरून आले. (भुसा गेला म्हणालो. घरात भुसा नव्हता.) मग ड्रिल घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चांगल्या फळीची चाळण केली. प्रोजेक्ट काल दिलं, वेळेत.

दाजींना नमस्कार सांग, पित्त उतरलेलं बघून.

तुझा,
भाऊ

ता. क. तुझ्या कपाटाची दारं पॉलिशला गेली आहेत असं मी मागे कळवलं होतं. पॉलिश छान झालं. दारांची पेटी झाली.

आणखी ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. होस्टेलचं तेवढं रद्द करायला लाव. दाजींना सांग की मशीन अवजड आहे, हलवता येत नाही. ते हलतं गं. पण पोर गेली की हे घर पुन्हा त्या पेटीसारखं होईल, पक्कं आणि बंद.