वजनावर घेतलेली सुतारकी

जुईनगर, नवी मुंबई

तीर्थस्वरूप भाऊमामांना भाचा सुधीरचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामींचा खोकला आता कसा आहे? आम्ही इकडे ठीक. (फोन न करता पत्र लिहिलं म्हणून घाबरू नका. मी फोनवर बोलायला लागलो की स्मिता मिक्सर बंद करून ऐकते. नवऱ्यावर इतकं लक्ष बरं नव्हे.)

यंदा गणपतीचा चौरंग मी स्वतः करणार, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलून बसलोय. तेव्हापासून लिफ्टमध्ये जो तो "कुठवर आलं?" विचारतो. (त्यात काळजी कमी आणि गंमत जास्त, हे मला कळतं.) आता चौरंग झाला नाही तर तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून सुतारकामाची पुस्तकं शोधायला निघालो. नव्या पुस्तकांच्या किमती पाहिल्या आणि ती होती तिथे ठेवली. शेवटी स्टेशनजवळ भगवानच्या रद्दीच्या दुकानात चार जाडजूड ग्रंथ सापडले, सांध्यांच्या आकृत्यांसकट. भगवान म्हणाला, वजनावर देतो. माझ्या मनात पाल चुकचुकली. इतका चांगला माल रद्दीच्या भावात का? मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तर त्याने भाव उतरवला. माझा संशय दुणावला. मी पायरी उतरलो, त्याने भाव आणखी उतरवला. आता माल चोरीचा, ही खात्रीच झाली. तसं विचारल्यावर त्याने तीनच पुस्तकांचं वजन केलं, चौथं फुकट टाकलं आणि म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. एका रिटायर सायबाची हायेत. त्यांची बायको सोता आनून देऊन गेली. वर मला पेढा पन दिला."

पेढा कशाबद्दल, ते घरी आल्यावर कळलं. चारही पुस्तकांत पहिलं प्रकरण (हत्यारांची खरेदी) बोटांनी काळं झालेलं, पुढची पानं कोरी करकरीत. फक्त एका स्टुलाच्या पानावर आयोडीनचा डाग.

त्यात लेखकांचं आपसांत पटत नाही. पाय बसवायला एक खाच पाडायला सांगतो, दुसरा खुंटी ठोकायला, तिसरा सरळ स्क्रू मारायला, आणि चौथ्याने तो विषयच टाळलाय. (फुकट आलेला तोच.) म्हणजे यांतला निदान एक तरी थापा मारतोय. तो कोण, हे पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून मी रोज तपासतो. स्मिता म्हणते, "अहो, वाचून झाली की सांगा." तिचा सूर मला आवडला नाही. परवा तिने भगवानचा नंबरही मागितला, सहज म्हणून.

बाकी काम झपाट्याने चालू आहे. मामींना नमस्कार.

तुमचा,
सुधीर

ता. क. : लाकडाला अजून करवत लागलेली नाही. फळ्या बाल्कनीत उभ्या आहेत आणि स्मिता त्यांवर पायपुसणी वाळत घालते. तुम्ही केलेला तो सागवानी चौरंग तुमच्या माळ्यावर असेलच. गोणपाटात गुंडाळून एस. टी.ने पाठवाल का? पार्सलवर पत्ता माझ्या ऑफिसचा घाला. मामा, खरंच फार लाज जाईल हो माझी.

आणखी एक : पाठवण्याआधी त्याचा एक पाय थोडा तासून डुगडुगता करा. चारही पाय नीट टेकले तर स्मिताला संशय येईल.