बोट न लावलेली कॉफी

३ मे

लागले एकदाची! माइदीनच्या होडीवर, स्वयंपाकाला. आई कडाडली, "लाज नाही वाटत? ज्याने तुझी बहीण मगरीच्या तोंडी दिली, त्याचीच चूल फुंकणार?" फुंकणार. कशासाठी ते तिला कशाला सांगू!

पाव्हणे येतात बोर्नियोचं जंगल बघायला. त्यांना मगर जवळून दिसावी म्हणून हा मेला आमच्याच घाटाच्या पायऱ्यांखाली कोंबडीची आतडी टाकायचा. रोज. मगर सोकावली. गेल्या पुरानंतर आमची रुबिया भांडी घासायला पायऱ्यांवर बसली आणि — नाही लिहवत.

मगरीला मारलं लोकांनी. आतडी टाकणाऱ्याला कोण मारणार?

४ मे

सकाळी तो निघायच्या घाईत होता. मुद्दाम तेव्हाच कॉफी पुढे केली. "नको गं साल्बिया, वेळ नाही," म्हणाला, पण कॉफीत बोट बुडवलं, ओठाला लावलं, मगच गेला. अस्सा हुशार!

किनाबातांगान नदीच्या काठावर शेंबडं पोरही हे विसरत नाही. पुढे आलेल्या अन्नाला बोटही न लावता जो निघतो, त्याला नदी धरते. साप, मगर, वाहता ओंडका — काहीतरी. मला एवढंच हवंय. एकदा विसर रे, मेल्या! तोंडाने मात्र माझं "दादा, दादा" चालू.

६ मे

वरच्या तळ्याकाठच्या गावात मुक्काम. संध्याकाळी लांबनाक्या माकडांनी झाडं भरून गेली. एका पाव्हण्याने विचारलं, एवढं नाक लोंबतं, मग ही खातात कशी? माइदीन म्हणाला, "तुम्ही चष्मा वर सारता ना, तसं नाक वर सारतात." सगळे हसले. मीही हसले. थू माझ्यावर!

७ मे

दिवसभर हत्ती. कॉफीला बोट लावलं त्याने.

९ मे

नाही लावलं!! कॉफी, गरम केळ्याची भजी, सगळं पुढ्यात — आणि हा सरळ उठून पाव्हण्यांना घेऊन लहान होडीने गेला. तांदूळ सांडले. डोक्यावरून धनेश गेले, पंखांचा केवढा आवाज, तरी दचकले. म्हटलं, आली बातमी.

दुपारी आला. धडधाकट! वर मला विचारतो, "पाव्हण्यांचा भात झाला का?"

१० मे

आजही नाही लावलं. आजही आला.

११ मे

परत तेच. वेंधळा झालाय की काय? तिन्हीसांजेला कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, पलीकडच्या काठावर दोन मगरी पडलेल्या असताना. जिच्या घरी उतरलोय ती म्हातारी काठावरून ओरडली, "अरे ए माइदीन! सोयरीक जुळवायचीय का मगरीशी? वर ये, मुडद्या!"

मी ओरडले नाही. वाट बघत राहिले.

१२ मे

चुलीपाशी येऊन बसला. म्हणाला, "तू कॉफी का धरतेस ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला."

"मग बोट का लावत होतास?"

"भीती वाटायची. आता नाही वाटत. तू चुलीपुढे वाकलीस की रुबियाच दिसते. तुझ्या हातचा घास उतरत नाही घशाखाली." चुलीतलं लाकूड आत सारलं त्याने. "रोज तसाच निघतो. रोज पाण्यात उतरतो. नदीसुद्धा घेत नाही गं मला."

मी भांडी आदळली. असा संताप आला — याने स्वतःच मरायला निघावं? मग मला काय उरलं? एवढे दिवस रांधलं, पुढं केलं, वाट पाहिली, आणि हा खुशाल नदीच्या पोटात जाऊन लपणार. आई मात्र रुबिया गेल्यापासून घाटाकडे पाठ करून बसते, ती तशीच बसायची.

१३ मे

आजही न शिवता निघाला. धावले मागे. कॉफीत माझंच बोट बुडवलं आणि त्याच्या ओठांवर घासलं, सगळ्या पाव्हण्यांदेखत. म्हटलं, "असा सुटायचा नाहीस, दादा. आधी घरी चल. माझ्या आईसमोर बस."