पैलवानाच्या पोटऱ्या

आप्पा, आज नगरच्या दवाखान्यातून येताना एसटीत मी सगळा रस्ता तुमच्याशी भांडत होते. माझ्या सहा वर्षांच्या पोराचा रिपोर्ट पिशवीत आणि पोर मांडीवर झोपलेलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी भांडायला दुसरं कुणी सापडेना.

धाकट्या भावाच्या पोटऱ्या आठवतात? तोही एवढाच होता. तुम्ही त्याला अंगणात उभं करून येईल-जाईल त्याला दाखवायचात, "बघा, जन्मताच पैलवान हाय." कर्जत तालुक्यातल्या आखाड्यांत फेटे मिळवलेला माणूस, तुमची नजर चुकेल असं कुणाला वाटणार? सकाळी तालमीत नेऊन बैठका मारायला लावायचात. खाली बसला की त्याला उठता येईना. आधी गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा. "हात सोड. लई आळशी हाय," म्हणत तुम्ही पाठीत धपाटा घालताय, तो रडत पुन्हा खाली बसतोय आणि मी दुधाचा तांब्या घेऊन दारात उभी आहे. अकराव्या वर्षी त्याचं चालणं बंद झालं, अठराव्या वर्षी तो गेला. तालीम अर्धवट सुटली म्हणून असं झालं, हेच तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात.

आज डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. आपल्या पेशीत एक जनुक असतं, त्याच्या सांगण्यावरून स्नायूत डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन तयार होतं. पेशीच्या आतले धागे ते तिच्या पापुद्र्याशी बांधून ठेवतं, म्हणजे स्नायूला ताण बसला तरी पापुद्रा टिकतो. आमच्या पोराचं ते जनुकच बिघडलंय, प्रथिन तयारच होत नाही. मग पेशी फाटत जातात, मरत जातात. "पण पोटऱ्या तर केवढ्या भरल्यात," मी म्हणाले. त्या म्हणाल्या, "ताई, ती ताकद नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी चरबी साठलीय." बैठकांचं विचारलं, तर तशा व्यायामानं पेशी आणखीच फाटतात म्हणाल्या. आप्पा, तिथंच तुम्हाला मनात नाही नाही ते बोलले. औषधानं याचं चालणं थोडं लांबवता येईल, बरं मात्र होणार नाही. मला रडूसुद्धा आलं नाही. आता रोज ह्याला उठताना बघायचं आणि पुढचं सगळं पाठ असल्यागत जगायचं, एवढंच डोक्यात होतं.

हे जनुक मुलग्याला आईकडून येतं. आईकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी तिचं निभावतं. मुलग्याला एकच मिळते. म्हणजे माझ्या आईकडून भावाला आणि मला, माझ्याकडून ह्याला. तुमचा यात काडीचा संबंध नव्हता.

घरी आले तर आई ओसरीवर बसलेली. सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "कुठनं आलं गं हे? माज्याकडनं तर न्हाई ना?" सात वर्षं तिनं भावाला उचलून आंघोळ घातली होती. मी म्हणाले, "न्हाई गं. आप्पांच्या घराण्यातलं हाय."

"तरीच," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळानं तिनं नीट श्वास घेतला. मग तुम्हाला शिव्या घालत चुलीपुढं जाऊन बसली. मी तिला अडवलं नाही.

तुम्हाला लिहिलेला हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून आत्ताच फाडणार आहे. आणि खरं सांगते आप्पा, तिच्या शिव्या ऐकायला तुम्ही नाही आहात याचं आज मला पहिल्यांदा बरं वाटलं.