पहिला तोडा घरचा

मी, शकुन गोवर्धन मेहरे, वय बाहत्तर, धंदा माळीकाम, राहणार अचलपूर, जिल्हा अमरावती, शुद्धीवर असताना आणि कोणी हात धरून लिहवून घेत नसताना हे मृत्युपत्र करते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. वकीलसाहेब म्हणाले, घर आणि ठेव एवढंच लिहा, भाजीपाला कशाला? मी म्हटलं, भाजीपाला नसता तर तुम्हाला बोलावलंच नसतं.

१. राहतं घर आणि गुजरीतला भाजीचा गाळा माझा मुलगा कुंदन याला. अंगणातला कढीपत्ता त्याने तोडू नये. मोटारसायकल दुसरीकडे उभी करावी.

२. गळ्यातली पोत आणि बँकेतली ठेव माझी मुलगी करिश्मा, मुक्काम तेल्हारा, हिला. या कागदाप्रमाणे सगळं होतं की नाही ते पाहायचं कामही तिचंच. ती माझ्यासारखी हट्टी आहे.

३. केशवराव, माझे भासरे, म्हणजे पतीचे थोरले भाऊ, यांच्याविषयी. वाटणीत विहीर त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि आम्हाला कोरडी पट्टी दिली. पाण्याशिवाय माळ्याने काय करावं? पट्टी विकून गाळा घेतला, आणि डोमाजी सुताराकडून चाकांवरची वाडी करून घेतली. हातगाडीला लाकडी कठडा, आत तरट, त्यावर काळी माती, शेणखत आणि नाल्याची रेती. लाल माठ, मेथी, शेपू, आंबट चुका आणि कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, हे माझे रंग. ते पेरून मी चित्र उगवायची. नागपंचमीला नाग, पोळ्याला बैलजोडी. बी टाकताना चित्र मला एकटीला दिसायचं, गल्लीला ते उगवल्यावर दिसायचं. मग बायका यायच्या, पाहायच्या, आणि भाजी खुडून न्यायच्या. त्यासाठीच ते होतं.

केशवराव म्हणाले होते, "चित्र पाहून पोट भरते काय?" दर चित्रातली पहिली जुडी मात्र त्यांच्याच घरी जायची, आणि ती ते मुकाट्याने ठेवून घ्यायचे. त्यांना माझ्याकडून काही नाही. तेरवीचं बोलावणं द्यावं. जेवायला ते येतातच.

४. आता हातगाडी. आमच्या माळ्याच्या घरात पहिला तोडा घरी खात नाहीत. तो देवाला, भाऊबंदांना, शेजाऱ्यांना. घरच्यांची पाळी दुसऱ्या तोड्यापासून. सासूबाईंनी हे शिकवलं आणि मी ते गाडीवरही पाळलं. शेतात ते शोभत होतं. गाडीवर मात्र चित्र एकदा खुडलं की पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं दिसायचं. मला ते बघवत नसे. मी उरलीसुरली मुळं काढून टाकायची, माती उकरायची आणि नवं चित्र पेरायची. त्यामुळे गाडीवर दुसरा तोडा कधी आलाच नाही.

ती गाडी ओढायचे माझे पती. तिला पाणी घालायचे तेच, उन्हातून सावलीत न्यायचे तेच. आंबट चुका म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकदा म्हणाले, "शकुन, या खेपेले एक जुडी चुका घरी ठेव न."

मी म्हटलं, "पयला तोडा घरी खातेत काय? दुसऱ्या तोड्याचा खाजा."

"दुसरा तोडा कधी येते वं तुह्या गाडीवर?"

ते हसले, मीही हसले, आणि बोलणं तिथेच राहिलं. गाळ्यावरचा चुका मी त्यांना नेहमी रांधून घातला. पण तो चित्रातला नव्हता. दोन वर्षांमागे, उन्हाळ्यात, ते गेले. अख्ख्या गल्लीने माझी चित्रं खाल्ली आणि ओढणाऱ्याच्या तोंडात एक पानही पडलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. जेवायला बसलं की जास्त वाटतं.

५. सदर हातगाडी, झारी आणि बियाण्याच्या पुड्या माझी सून पौर्णिमा हिला. गाडी आता तीच ओढते. मी ओट्यावर बसून कुठे काय पेरायचं ते सांगते, आणि ती ऐकल्यासारखं करून आपल्याच मनाचं पेरते. तिचे मोर माझ्यापेक्षा चांगले येतात. तिने हवं ते चित्र काढावं. अट एकच: पहिली जुडी गाडी ओढणाऱ्याच्या ताटात. उरलेलं मग देवाला आणि गल्लीला. देव समजून घेईल.

हे मी तोंडी करून पाहिलं. परवाच्या पोळ्याच्या बैलजोडीतला चुका मी स्वतः खुडला, रांधला आणि पौर्णिमाचं ताट वाढलं. तिने वाटी उचलली, झाकली आणि केशवरावांकडे देऊन आली. मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "आई, पयला तोडा घरी खातेत काय?"

पोरगी माझ्याकडूनच शिकली. म्हणून हा कागद. सासूचं शिकवलेलं सुनेच्याने मोडवत नाही, तर ते सासूच्याच सहीने मोडावं. पौर्णिमा, मी गेल्यावर जे पहिलं चित्र काढशील त्यात चुका भरपूर पेर. खुडलास की आधी तू बस आणि जेव. केशवरावांकडचं कोणी दारात उभं असलं तरी ताटावरून उठू नको.

लिहून देणार:
शकुन गोवर्धन मेहरे (सही)

आम्हां दोघांसमक्ष शकुनबाईंनी सही केली. गोवर्धनरावांना गाडी ओढताना आम्ही दोघांनीही पाहिलेलं आहे. त्या गाडीवरची भाजी आम्ही खाल्लेली आहे.

साक्षीदार:
डोमाजी सुतार (सही)
माणिकबाई राऊत, शेजारीण (अंगठा)

अचलपूर, दिनांक ६ सप्टेंबर २०२४