आंबूरचं पान

ईट, ता. भूम
११ सप्टेंबर २०२४

चि. शिवरंजनीस,
अनेक आशीर्वाद. नावाआधी सौ. लिहायला गेले अन् हात थांबला. फोनवर तुझा आवाज आला की मला बोलणं सुचत न्हाय, म्हणून पत्र.

रणधीरच्या दहाव्याला कावळा शिवला न्हाय. सुनेला अंतर देणार न्हाय असंही कबूल करून पाहिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून भरदुपारी विझलेल्या चुलीपाशी वाटल्या मिरचीचा अन् पुदिन्याचा वास येतो. तुझे सासरे म्हणतात, उपास कमी कर.

पोरी, माझ्या लेकाचं काय राहिलं होतं? सर्वपित्रीला पुन्हा पान ठेवणार आहे. लपवू नको.

तुला लेक मानणारी,
दैवशाला

आंबूर, तमिळनाडू
१९ सप्टेंबर

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

मला ठाऊक होतं. पण तुमच्या गळ्यात माळ, समोर गुरुजी. तिथं बिर्याणीचं नाव कसं काढू?

बुटांच्या कारखान्याला सुटी असली की हे बिर्याणी आणायचे. आपल्याकडं मिळते तसली न्हाय ही. जिऱ्याएवढा तांदूळ, भिजवून वाटलेली सुकी मिरची, पुदिना, दही, तांदळाइतकंच मटण, लाकडाचा जाळ. सोबत चिंचेतलं वांगं. आईच्या हातची अशी एकदा खायची, म्हणायचे. मी म्हणायचे, आधी आईच्या हातचा मार खाल.

तांदूळ पाठवते. मटणावाचून केली तरी चालेल. माझ्यावर राग धरू नका.

तुमची,
शिवरंजनी

ईट
३ ऑक्टोबर

चि. शिवरंजनीस,
आशीर्वाद. तांदूळ पोचला. माळ देवापुढं काढून ठेवली. शेजारच्या दीपमालाला विचारत विचारत परसात तीन दगडांवर शिजवली, मटण घालून. त्याला अर्धी इच्छा कशी वाढू? तुझे सासरे उठून देवळात जाऊन बसले.

पान पत्र्यावर ठेवलं. मी मागं सरतेय तोवर कावळा आला. मान वाकडी करून बघितलं, चोच खाली आणली. अन् शिवरंजनी, म्या त्याला हुसकलं. दोनदा आला, दोनदा हुसकलं. शिवला असता तर रणधीर गेला असता गं.

कालपासून पान उचललं न्हाय. काठी मांडीवर आहे, तशीच लिहितेय. कुणाला बोलू नको. मला येडी म्हण, पण तुटू नको.

तुझी,
आत्याबाई